चंद्रसेन ते बेलवलकर : मराठी हॅम्लेटचा रंगेतिहास

वणीच्या आसपास, दिंडोरी-पेठ-सुरगाण्याच्या पट्ट्यात, ज्यांनी बोहाडा पाहिला आहे त्यांना एकाच भूमिकेच्या दोन धारकांची तुलना ही काही समीक्षकांनी लावलेला शोध नव्हे, हे निराळे सांगावे लागत नाही. सोंग तेच असते, मुखवटा तोच असतो, संबळ आणि पिपाणीचा ठेकाही तोच. परंतु मान असलेल्या घरातला पुतण्या यंदा ते सोंग घेऊन उतरला की काका कसा नाचत असे याची चर्चा पहाटेपर्यंत चालते. ही तुलना सोपी असते, कारण मुखवट्याला विचार नसतो. तो जे आहे ते पहिल्या क्षणीच पूर्णपणे आहे. प्रेक्षक पाहतो ते पायांचे बळ, पल्ला, दम.

मुखवटा उतरवून एकटा उभा राहणारा आणि नाटकाचा ओघ थांबवून स्वतःशीच बोलू लागणारा नायक रंगभूमीवर आला म्हणजे तुलनेचे हे निकष अपुरे पडतात. युरोपीय नाट्यपरंपरेत या नायकाचे नाव हॅम्लेट. गॅरिक, कीन, अर्विंग, फोर्ब्ज-रॉबर्टसन, गिलगुड, ऑलिव्हिए या नावांच्या क्रमानेच इंग्रजी अभिनयाचा इतिहास लिहिला जातो, तो या एका भूमिकेच्या आधाराने. मराठीत असा इतिहास लिहू गेल्यास एक अडचण उभी राहते. गणपतराव जोशी यांच्या चंद्रसेनानंतर ‘हॅम्लेट’ या नावाच्या नाटकाची सलग आणि सशक्त प्रयोगपरंपरा दिसत नाही. मग तो नायक मराठी रंगभूमीवरून गेला कोठे?

तो गेला नाही, त्याने घर बदलले, असे प्रस्तुत विवेचनाचे प्रतिपादन आहे. वि. वा. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’मधील गणपतराव बेलवलकर यांची ओळख सामान्यतः मराठी लिअर अशी करून दिली जाते. कथानकापुरती ती बरोबरही आहे. परंतु नटाच्या दृष्टीने, म्हणजे रंगमंचावर उभे राहून जी कामगिरी पार पाडावयाची तिच्या दृष्टीने, ही भूमिका हॅम्लेटची आहे. आणि ती करणाऱ्या नटांची तुलना ‘लागू आणि लागूंनंतरचे’ अशी न करता चंद्रसेनापासून सुरू झालेल्या परंपरेच्या संदर्भातच केली पाहिजे.

प्रारंभ आगरकरांपासून करावा लागतो. कोल्हापूर प्रकरणातील बदनामीच्या खटल्यात १८८२ साली टिळक आणि आगरकर यांना डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस काढावे लागले. त्या काळात आगरकरांनी हाती घेतलेले ‘हॅम्लेट’चे भाषांतर १८८३ मध्ये ‘विकारविलसित’ या नावाने प्रसिद्ध झाले. या शीर्षकाकडे अभ्यासकांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही. कोलरिजच्या परंपरेने हॅम्लेटला अतिविचाराने पंगू झालेला पुरुष ठरवले होते. गटेने त्याला न पेलणाऱ्या कर्तव्याखाली मोडणारा कोमल जीव मानले होते. आगरकरांनी शीर्षकासाठी ‘विचार’ हा शब्द घेतला नाही, ‘विकार’ हा घेतला. बुद्धिप्रामाण्याचा सर्वांत कडवा मराठी पुरस्कर्ता हॅम्लेटकडे पाहतो तेव्हा त्याला विचारवंत दिसत नाही. मनोविकारांच्या खेळाचे एक क्षेत्र दिसते. विवेकाच्या बाजूने उभे राहून पाहणाऱ्याला असेच दिसणार, असेही म्हणता येईल. बापाच्या पिशाच्चाच्या शब्दावर विश्वासावे की नाही या प्रश्नाने सुरू होणारे नाटक, पिशाच्चावर विश्वास नसलेल्या माणसाने तुरुंगात बसून मराठीत आणावे, यातील विसंगती लक्षणीय आहे.

दुसरी गोष्ट भाषेची. आगरकरांनी पुढे १८८८ मध्ये वाक्यरचनेवर ‘वाक्यमीमांसा’ हा ग्रंथ लिहिला. त्यांच्या चंद्रसेनाची वाक्येही मीमांसेच्या वळणाची आहेत : पोटवाक्ये, संकेतार्थ, एका ‘जर’ला बांधलेले दूरवरचे ‘तर’. शीर्षकात विकार आणि वाक्यात विचार, असे हे दुहेरी देणे नटाच्या पदरात पडले. वाक्य अखेरपर्यंत पेलायचे तर डोके शांत हवे, आणि विकार दाखवायचा तर ते तसे राहता कामा नये.

हे देणे ज्याने स्वीकारले तो नट शालेय शिक्षण बेताचेच असलेला होता. गणपतराव जोशी (१८६७–१९२२) शाहूनगरवासी नाटक मंडळीत लहान वयात आले. ‘संगीत शाकुंतल’पासून (१८८०) गाणाऱ्या नटाचा काळ सुरू झालेला असताना ही मंडळी गद्य नाटकांवर उभी राहिली, हे त्या काळच्या मानाने धाडसच होते. ‘त्राटिका’कार प्रा. वासुदेवराव केळकर यांच्यासारख्या विद्वानांनी मंडळीच्या तालमी घेतल्या. फर्ग्युसनच्या वर्तुळातील विद्या आणि कंपनीतला जन्मजात नट यांची ही गाठ मराठी अभिनयाच्या इतिहासातील निर्णायक घटनांपैकी एक आहे. चंद्रसेन, देवलांच्या ‘झुंजारराव’मधील ऑथेल्लो, ‘मानाजीराव’मधील मॅक्बेथ, ‘त्राटिका’तील प्रतापराव अशा भूमिकांनी गणपतरावांना ‘महाराष्ट्राचा गॅरिक’ हे बिरुद मिळवून दिले. बिरुदाचा खरा अर्थ ते देणाऱ्यांच्याही पुढे जातो. गॅरिकची कीर्ती पिशाच्च दिसताक्षणी त्याच्या देहात उठणाऱ्या दचक्याची होती. गणपतरावांविषयीच्या आठवणींतही चेहरा, डोळे, क्षणात बदलणारा स्वर यांचीच वर्णने पुन्हा पुन्हा येतात. स्वगतातील युक्तिवाद प्रेक्षकाला कळला असे सांगणाऱ्यांपेक्षा, त्या वेळी गणपतराव कसे दिसले हे सांगणारे अधिक. शीर्षकाने सुचवलेला अर्थ नटाने खरा केला. मराठीचा पहिला हॅम्लेट विकाराचा झाला, आणि त्याच्या तेजाने पुढल्या अर्धशतकाचे डोळे दिपले.

आणखी एक बाब. गणपतराव हे पात्र विशीपासून करीत आले. राजपुत्राचे वय मागे पडत गेले तरी भूमिका सुटली नाही. यात मराठीचे वेगळेपण काही नाही : फोर्ब्ज-रॉबर्टसनने १८९७ मध्ये हॅम्लेट केला तेव्हा तो चव्वेचाळीसचा होता, आणि सारा बर्नहार्टने १८९९ मध्ये केला तेव्हा ती चोपन्नची. हॅम्लेटच्या भूमिकेला प्रौढ नट लागतो, हे रंगभूमीने जणू गृहीतच धरले. या मुद्द्याकडे पुढे परत यावयाचे आहे.

गणपतरावांच्या निधनानंतरचा काळ येथे विस्ताराने पाहण्याचे कारण नाही. ‘हॅम्लेट’चे नाना जोगांनी भाषांतर केले, शिरवाडकरांनी ‘मॅक्बेथ’वरून ‘राजमुकुट’ (१९५४) आणि नंतर ‘ऑथेल्लो’ मराठीत आणले. ‘राजमुकुट’ मुंबई मराठी साहित्य संघाने हर्बर्ट मार्शल यांच्या दिग्दर्शनाखाली केले आणि त्यात नानासाहेब फाटक व दुर्गा खोटे होते. जुन्या गद्य नटांच्या परंपरेचे शेवटचे मोठे प्रतिनिधी असलेल्या या फाटकांना लिअर करावयाचा होता आणि त्यासाठी त्यांनी शिरवाडकरांकडे विचारणा केली, हे ‘नटसम्राट’च्या निर्मितिकथेत सर्वश्रुत आहे. लिअर मागणाऱ्या नटाला नाटककाराने उशिराने जे दिले ते भाषांतर नव्हते. लिअर मागणारा नटच त्याने नाटकाचा विषय केला.

शिरवाडकरांचे बालपण पिंपळगाव बसवंतला, वणीपासून तासाभराच्या आत पोचता येईल अशा गावी गेले. पुढचे बहुतेक आयुष्य नाशिकला. नाटक-कंपन्यांच्या मोठ्या केंद्रांपासून थोडे दूर, कंपनी आली की पाहायचे आणि गेली की आठवत राहायचे, अशा भूगोलात वाढलेल्या लेखकाला नट आठवणीच्या रूपात भेटतो. बेलवलकर हे पात्र अशा आठवणीतूनच घडले आहे याची खूण संहितेत आहे. आपण वठवलेल्या पात्रांची नावे बेलवलकर उच्चारतात तेव्हा सीझर, ऑथेल्लो, हॅम्लेट आणि सुधाकर यांच्या पंक्तीला प्रतापरावही येतो. ‘त्राटिका’तील प्रतापराव म्हटले की गणपतराव जोशींचीच आठवण व्हावी. बेलवलकरांचे पहिले नावही गणपतच आहे. शिरवाडकरांनी अमुक एका नटाचे चित्र काढले असे यावरून म्हणता येणार नाही. परंतु नायकाला कोणत्या कुळातला म्हणून उभे केले आहे, हे स्पष्ट होते.

आता त्या प्रसिद्ध स्वगताकडे. जगावे की संपवावे हा डेन्मार्कच्या राजपुत्राचा प्रश्न बेलवलकरांच्या तोंडी आला आहे. मृत्यूच्या झोपेत पडणाऱ्या स्वप्नांची भीतीही आली आहे. पण मूळ स्वगत जेथे विचाराने कृतीचा रंग फिका पडतो असे म्हणत ओसरते, तेथे मराठी स्वगत वळण घेते आणि विधात्याला उद्देशून तक्रार मांडते. एका बाजूला जन्म दिलेली मुले, दुसऱ्या बाजूला जन्म देणारा तो. दोघांनीही पाठ फिरवलेली. हॅम्लेटच्या स्वगतात कोणीही श्रोता गृहीत नाही, येथे तो अचानक प्रकट होतो. शिवाय हे शब्द कोणाचे? बेलवलकरांनी आयुष्यभर हॅम्लेट केला आहे. त्यामुळे ते या क्षणी विचार करीत आहेत, की विचार करण्यासाठी त्यांच्याजवळ पाठ केलेल्या भाषणाखेरीज दुसरे साधनच उरलेले नाही? नटापुढचा प्रश्न हा आहे. तो करुणेचा प्रश्न नाही. हे स्वगत पूर्ण स्वतःचे म्हणून म्हटले तर ‘नटसम्राट’ हे शीर्षक अनाठायी ठरते, आणि पूर्णपणे जुन्या भूमिकेची आठवण म्हणून म्हटले तर म्हाताऱ्याचे दुःख खोटे पडते.

२३ डिसेंबर १९७० रोजी मुंबईत, गोवा हिंदू असोसिएशनच्या वतीने आणि पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या दिग्दर्शनाखाली, पहिला प्रयोग झाला तेव्हा डॉ. श्रीराम लागू त्रेचाळीस वर्षांचे होते. कान-नाक-घशाचे शल्यविशारद म्हणून काम केलेले, पूर्ण वेळ रंगभूमीवर येऊन फार काळ न झालेले. कंपनीच्या रंगभूमीशी त्यांचा संबंध प्रेक्षकाचा. त्यांच्या आवाजातील मुद्रणे ऐकताना जाणवते ते हे की लागू शब्दाच्या आधी थांबतात. भावना दाटून आल्यामुळे थांबण्याचा परिपाठ जुना. लागूंचा विराम हा पुढचा शब्द अद्याप ठरलेला नाही म्हणून पडलेला असतो. आगरकरांच्या वाक्यात जी मीमांसा होती आणि गणपतरावांच्या चेहऱ्याने जिच्यावर मात केली होती, ती जवळजवळ नव्वद वर्षांनी येथे ऐकू येऊ लागली. मराठी हॅम्लेट प्रथमच विचार करू लागला, आणि तेही हॅम्लेट म्हणून नव्हे.

येथे आगरकर आणि लागू यांच्यातील साम्य केवळ चमत्कृती म्हणून नोंदवावयाचे नाही. परमेश्वराला निवृत्त करावे अशी भूमिका पुढे जाहीरपणे मांडणाऱ्या नटाने विधात्याकडची ती तक्रार कशी म्हटली? लागू ती आळवणीच्या सुरात म्हणत नाहीत. समोर कोणी नाही हे ठाऊक असलेल्या माणसाने सवयीने मारलेल्या हाकेसारखी म्हणतात. स्वगतात प्रकटलेला श्रोता ते पुन्हा पुसून टाकतात. त्यामुळे त्यांचे स्वगत शिरवाडकरांच्या संहितेपेक्षा शेक्सपिअरच्या अधिक जवळ जाते. हा लाभ आहे, तशी हानीही आहे. लागूंच्या बेलवलकरांनी खरोखरच पल्लेदार गद्य नटाचे आयुष्य काढले असेल, यावर पूर्ण विश्वास बसत नाही. निवृत्त नटसम्राटाऐवजी निवृत्त प्राध्यापक बोलतो आहे की काय, असा संशय मधूनच येतो. लागूंचे चाहते हा आक्षेप सहसा मनावर घेत नाहीत. तो घेतला पाहिजे, कारण पुढच्या नटांचे मूल्यमापन त्यावर अवलंबून आहे.

लागूंनंतर ही भूमिका दत्ता भट यांनी केली. रसिकांच्या बोलण्यात लागूंचा बेलवलकर बुद्धीचा आणि भटांचा हृदयाचा, अशी वाटणी ऐकू येते. वाटणी भाबडी आहे, पण तिच्यात ‘विकारविलसित’चाच वाद नव्या नावांनी बोलतो आहे हे ध्यानात घेण्यासारखे आहे. भटांची बाजू घेणाऱ्यांना, कळत-नकळत, गणपतराव जोशींच्या हॅम्लेटची ओढ असते : विचार दिसला नाही तरी चालेल, तो सोसणारा माणूस दिसला पाहिजे. आणि नाटकाच्या घडणीकडे पाहता ही मागणी गैर नाही. बेलवलकर हे विचारवंत नाहीत. ते नट आहेत, आणि नटाचा विचार त्याच्या गळ्यातून आणि खांद्यातून होतो.

या मालिकेतील चंद्रकांत गोखले यांचा विचार या दृष्टीने स्वतंत्रपणे व्हावयास हवा. आजी दुर्गाबाई कामत आणि आई कमलाबाई गोखले या दोघीही फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये (१९१३) काम केलेल्या, गोखले स्वतः बालपणापासून फिरत्या नाटकमंडळ्यांत वाढलेले. बेलवलकर ज्या जगाची आठवण काढतात ते जग इतर नटांना कल्पनेने उभे करावे लागले. गोखल्यांना ते आठवावे लागे. लागूंना ज्या बाबतीत विश्वासार्हता कमावावी लागली ती गोखल्यांकडे जन्मतःच होती. अशा नटापुढचा धोका उलट असतो : भूमिका आणि जीवन यांतले अंतरच नाहीसे झाले तर स्वगतातील तो मूळ पेच, हे शब्द कोणाचे, हाही नाहीसा होतो.

सतीश दुभाषी आणि यशवंत दत्त यांनीही बेलवलकर केला. दुभाष्यांचा जन्म १९३९चा आणि मृत्यू १९८०चा. म्हणजे चाळिशीच्या आसपासच संपलेल्या आयुष्यात त्यांनी हा म्हातारा उभा केला. ‘ती फुलराणी’तील (१९७५) त्यांचा ध्वनिशास्त्रज्ञ प्राध्यापक ज्यांना आठवतो त्यांना शब्दाला धार लावण्याची त्यांची हातोटी ठाऊक आहे. यशवंत दत्त १९४५चे. तेही या भूमिकेच्या वयाहून बरेच लहान. वयाचा मागे सोडलेला मुद्दा येथे परत येतो. तिशीचा राजपुत्र पन्नाशीच्या नटांनी केला आणि साठी उलटलेला बेलवलकर चाळिशीच्या नटांनी. दोन्हीकडे वय चाळीस ते पन्नासच्या दरम्यान येऊन थांबते. मननाचे, स्वतःच्या प्रश्नाशी थबकून राहण्याचे, रंगभूमीला मान्य असलेले हेच वय असावे. भूमिकेच्या संहितेतील वय काही का असेना, प्रेक्षक त्या देहातच हा प्रश्न ऐकून घेतो.

या नियमाला पहिला मोठा अपवाद चित्रपटाने केला. महेश मांजरेकरांचा ‘नटसम्राट’ १ जानेवारी २०१६ रोजी प्रदर्शित झाला, त्या दिवशी नाना पाटेकर पासष्ट वर्षांचे झाले. नट आणि पात्र यांचे वय जुळले. परंतु चित्रपटाचा अधिक महत्त्वाचा बदल वेगळाच आहे. त्याने बेलवलकरांना रामभाऊ नावाचा समव्यवसायी मित्र दिला. शिरवाडकरांच्या नाटकात नसलेले हे पात्र विक्रम गोखले यांनी केले, म्हणजे रंगमंचावरच्या एका बेलवलकराच्या मुलाने. रामभाऊ हा चित्रपटाचा होरेशिओ आहे. हॅम्लेटलाही होरेशिओ असतोच, मात्र स्वगताच्या वेळी तो जवळपास नसतो आणि स्वगताच्या आशयात त्याला प्रवेश नसतो. चित्रपटात दोन नट एकमेकांची पारख करतात, एकमेकांना संवाद ऐकवतात. आणि मग बेलवलकरांचे एकटेपण हे केवळ परिस्थितीने आलेले उरते. पाटेकरांच्या अभिनयाची मूळ प्रकृती चिंतनाची नाही, उद्रेकाची आहे. कॅमेरा जवळ असल्याने गणपतराव जोशींचा चेहरा जणू परत येतो, फक्त त्या चेहऱ्याला आगरकरांचे वाक्य बांधून ठेवायला नसते. विकाराच्या परंपरेचे हे टोक म्हणावे लागेल. त्यात शक्ती आहे हे नाकारण्याचे कारण नाही. पण प्रश्न विचारला जाण्याआधीच उत्तर ठाऊक असलेला हा बेलवलकर आहे.

२०१८ च्या सुमारास एक दुर्मीळ योग आला. चंद्रकांत कुलकर्णी यांनी नाना जोगांच्या भाषांतरावरून ‘हॅम्लेट’ रंगमंचावर आणले. सुमीत राघवन हॅम्लेट होते, वय सत्तेचाळीस. त्याच सुमारास मोहन जोशी आणि रोहिणी हट्टंगडी यांचे ‘नटसम्राट’ही सुरू होते. मूळ राजपुत्र आणि त्याचा मराठी वारस एकाच हंगामात शेजारी उभे राहिले. अभ्यासकांनी या योगाचा उपयोग करून घ्यायला हवा होता. एकाच आठवड्यात दोन्ही स्वगते ऐकणाऱ्या प्रेक्षकाला दुसरे अधिक ओळखीचे वाटले असेल, तर त्याचा अर्थ एवढाच होतो की मराठी कानाने हॅम्लेट शिकला तो बेलवलकरांकडून. १८८३ नंतरच्या या दीर्घ प्रवासात मूळच रूपांतराची आठवण करून देऊ लागले.

वणीसारख्या गावांत हे ‘ओळखीचे वाटणे’ आणखी वेगळ्या मार्गाने घडले आहे. पूर्ण नाटक पाहायचे तर नाशिक गाठावे लागे. भाषणे मात्र आपोआप गावात येत : ध्वनिफितीतून, स्नेहसंमेलनातून, एकपात्री स्पर्धेतून. दिवाकरांनी नाट्यछटेचा जो साचा मराठीला दिला, त्यात हे स्वगत सहज बसले. त्याच्या मागची कावेरी, नंदा, नलू, ठमी गळून पडली आणि एक सुटा उतारा उरला. उताऱ्याबरोबर त्याचा उच्चारही ठरून गेला, आणि तो लागूंचा. अनिश्चिततेतून पडलेला त्यांचा विराम आता पाठ केला जातो. एकोणीस वर्षांचा स्पर्धक नेमक्या त्याच जागी थांबतो, तितकाच वेळ थांबतो, आणि परीक्षकांनाही तो तेथे थांबावा असेच वाटत असते. बोहाड्यात सोंगाबरोबर पदन्यास वारशाने मिळतो, तसा हा विराम आता वारशाने मिळू लागला आहे. फरक इतकाच की बोहाड्याचा प्रेक्षक पुतण्याची तुलना काकाशी करतो तेव्हा काकाला त्याने नाचताना पाहिलेले असते.